शेताचा निचरा आणि ओढ्याला जाणारं खत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातला ऊसवाला. रानातलं जास्तीचं पाणी आणि क्षार काढायला जमिनीखाली सच्छिद्र म्हणजे भोकांचे पाईप टाकून घेतल्यापासून लोक बघायला येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. उदाहरणं उसाचीच येणार, पण भाजीपाला नाहीतर भातवाल्यांनी पण वाचायला हरकत नाही, पाणी सगळीकडं सारखंच वागतं.

आम्ही खत उसाच्या बुडात टाकतो, ते ओढ्यात कसं जाईल?

दोन वाटांनी जातं, आणि दोन्ही वेगळ्या आहेत, इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

युरिया पाण्यात विरघळतो, त्याचा आधी अमोनियम होतो आणि मग आठ-पंधरा दिवसांत जमिनीतले जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. अमोनियमला आपली काळी माती धरून ठेवते, पण नायट्रेटला धरत नाही, कारण मातीच्या कणावर पण ऋण भार आणि नायट्रेटवर पण ऋण भार. त्यामुळं पाणी जिकडं जाईल तिकडं नायट्रेट जाणार, मुळाच्या खाली, तिथनं विहिरीत नाहीतर पाईपमधनं ओढ्यात.

स्फुरदाचं म्हणजे फॉस्फरसचं उलटं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याला चिकटून बसतं, जागचं हलत नाही. ते जातं मातीबरोबर. वळवाच्या पावसात बांध फुटून जे चहासारखं पाणी वाहतं ना, त्यात तुमचं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत असतं.

म्हणजे नितळ पाण्यातनं नत्र (नायट्रोजन) जातं आणि गढूळ पाण्यातनं स्फुरद. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे अर्धे प्रश्न पडणारच नाहीत.

गेलं तर गेलं, त्यानं बिघडतं काय?

पहिलं बिघडतं तुमच्या खिशाचं. पाटपाण्याच्या उसात टाकलेल्या युरियातलं निम्मं नत्रसुद्धा पिकाला लागत नाही, काही हवेत उडतं, काही खाली जातं. एका ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतं, त्यातलं किती उसात गेलं आणि किती वाया गेलं याचा हिशोब आपण कधी धरत नाही, कारण पोतं मिळतं पावणेतीनशेच्या आत. हजाराला मिळालं असतं तर सगळ्यांनी चमच्यानं मोजून घातलं असतं.

दुसरं, ओढ्या-तलावात हेच खत शेवाळाला आणि केंदाळाला म्हणजे जलपर्णीला मिळतं. शेवाळ वाढतं, मरतं, तळाला जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, मग मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा स्फुरदावर अडलेली असते, त्यामुळं थोडं स्फुरद सुद्धा पुष्कळ होतं.

तिसरं पिण्याच्या पाण्याचं, त्याला वेगळा प्रश्न केलाय खाली.

पंचगंगेला आणि उजनीत जी जलपर्णी होते ती काय शेतकऱ्यांनी केली? शहरांचं सांडपाणी कुणाला दिसत नाही का?

राग बरोबर आहे. उजनीत पुणे-पिंपरी चिंचवडचं मैलापाणी मुळा-मुठा आणि भीमेतनं येऊन साठतं, पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी जातं, आणि त्याचं खापर ऊसवाल्यावर फोडणं खोटंच आहे. पण गावाच्या वरच्या अंगाला, जिथं शहर नाही कारखाना नाही, नुसतं रान आहे, तिथल्या ओढ्यात पण केंदाळ माजलेलं असतं की नाही? ते कुणाचं? तिथं उत्तर द्यायला आपणच उरतो. शहराचं पाणी एका नळातनं येतं म्हणून त्याच्यावर बोट ठेवता येतं, आपलं हजार बांधांवरनं येतं म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही, एवढाच फरक.

विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?

नायट्रेटसाठी नाही चालणार. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, उलट वाफ गेल्यामुळं उरलेल्या पाण्यात थोडा दाटच होतो. तुरटीनं जात नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीनं जात नाही, कापडानं गाळून तर नाहीच. आरओनं कमी होतो. आपल्याकडं पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो असं भारतीय मानक सांगतं. जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या वरच्या दुधावरच्या बाळांना, पाण्यात पावडर कालवून देतात ना त्यांना, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. घरात तान्हं बाळ असेल आणि विहीर उसाच्या रानात असेल तर पाणी तपासल्याशिवाय वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आणि एक, सगळा दोष युरियाचा नसतो. विहिरीला लागून उकिरडा आणि गोठा असला की पावसाळाभर शेणामुताचा रस झिरपून थेट झऱ्याला जातो. आमच्या जुन्या विहिरीपासनं उकिरडा वीस पावलांवर होता, वडिलांना हलवा म्हणून सांगायला मला तीन वर्षं लागली.

सच्छिद्र पाईप टाकले की प्रदूषण वाढतं असं कृषी सहायक म्हणाले. मग क्षारपड रान तसंच ठेवायचं का?

तसंच ठेवायचं नाही. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ, हातकणंगले, या पट्ट्यात किती रान चोपण आणि पाणथळ होऊन बसलं हे सांगायला नको, नुसती पांढरी माती आणि काटेरी झुडपं. शिरोळच्या श्री दत्त कारखान्यानं पाईप टाकून पडीक रानं परत उसाखाली आणली ते लोक लांबून बघायला येतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात पण यावर काम चालतं. पाईप टाकल्याशिवाय ते रान वर येत नाही.

पण कृषी सहायकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. आधी काय व्हायचं, जास्तीचं पाणी तुंबून राहायचं, आणि तुंबलेल्या जमिनीत हवा नसते म्हणून जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणजे खत वाया जायचं, पण ओढ्यात नाही जायचं. पाईप टाकल्यावर तेच पाणी मीटर-सव्वा मीटर खोलीवरनं झटक्यात बाहेर पडतं, नायट्रेटला वायू व्हायला वेळच मिळत नाही. पाईपनं ओढ्याचा शॉर्टकट काढून दिला असं समजा. उलट गढूळ पाणी कमी होतं, कारण पाऊस जमिनीत मुरतो, वरनं वाहत नाही, म्हणजे स्फुरदाचं जाणं घटतं.

मग करायचं काय, तर पाईप टाकलेल्या रानात पूर्वीच्या हातानं युरिया फेकायचा नाही आणि पूर्वीच्या हातानं पाणी सोडायचं नाही. माणसं पाईपला एकरी लाखाच्या घरात खर्च करतात आणि पाण्याची सवय तीच ठेवतात. अहो, बादलीला तुम्ही भोक पाडून घेतलंय, आता भरताना बघून भरा की.

पाईपचं तोंड बंद करून ठेवलं तर?

करता येतं. पाईपचं पाणी जिथं येऊन जमतं त्या चेंबरमधे एल्बो (वाकडा जोड) फिरवून किंवा व्हॉल्व्ह लावून पाण्याची पातळी वर ठेवता येते, त्यानं बाहेर जाणारं पाणी कमी होतं आणि नत्र पण. पण ज्या रानातले क्षार अजून उतरले नाहीत तिथं हे करू नका, उन्हाळ्यात पाणी वर खेचलं जाऊन क्षार परत पृष्ठभागावर येतील आणि केलेला खर्च मातीत. पहिले दोन-तीन पावसाळे तोंड उघडं ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या, माती तपासा, मग हा खेळ करा.

उसाला नक्की किती युरिया?

कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी अशा आहेत: सुरूला (जानेवारी-फेब्रुवारीची लागण) २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश (पोटॅश); पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) ३४०, १७०, १७०; आडसालीला (जुलै-ऑगस्टची) ४००, १७०, १७०; खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडक्यातनं परत फुटलेल्या उसाला, सुरूएवढंच. को ८६०३२ या उसाच्या जातीला यापेक्षा थोडं जास्त सांगितलंय. माती परीक्षणात काय येतं त्यावर पुढं कमी-जास्त.

आता सुरूचं एकराचं गणित मांडू. नत्र १०० किलो, स्फुरद ४६ किलो. स्फुरदासाठी डीएपीची दोन पोती घेतली तर ४६ किलो स्फुरद बसलं, आणि हे लोक विसरतात, त्या दोन पोत्यांत १८ किलो नत्र पण आलं. राहिलं ८२ किलो, भागिले २०.७, म्हणजे युरियाची चार पोती. चार! सात-आठ घालणारे मी रोज बघतो आणि वर सांगतात की ऊस लई काळोखा येतो. येतो की, आणि ऑगस्टच्या वाऱ्यात लोळतो पण.

हे चार सुद्धा एकदम नाही. नत्र लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, आणि मोठ्या बांधणीला म्हणजे आपल्या भरणीला, उसाच्या बुडाला माती लावतात तेव्हा, ४०. आता कॅलेंडर बघा, जानेवारी-फेब्रुवारीत लागण केलेल्या सुरूची भरणी येते मे-जूनमधे, बरोब्बर पावसाच्या तोंडावर, आणि डोस सगळ्यात मोठा. वर्षभराच्या नासाडीतला मोठा वाटा या एका आठवड्यात होतो असं माझं मत आहे. चार दिवसांत मोठा पाऊस दिसत असेल तर थांबा, नाहीतर दोन हप्ते करून द्या. मजूर मिळत नाही हे मला पण कळतं, पण पाऊस थांबल्यावर वाफशात दिलेलं अर्धं पोतं पावसाआधी फेकलेल्या पोत्यापेक्षा कामाला येतं.

युरिया टाकून लगेच पाणी द्यायचं की नाही?

नुसता वर फेकून ठेवला तर आपल्या जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत अमोनिया होऊन उडतो, म्हणून मातीआड करा आणि हलकं पाणी द्या. हलकं म्हणजे हलकं. आपल्याकडं हलकं पाणी म्हणजे सरी काठोकाठ भरून पलीकडं गेली की हलकं!

माझंच सांगतो. एका वर्षी भरणीचा युरिया टाकला, रात्रीची लाईट होती, बारा वाजता थ्री फेज आली, मोटर चालू करून मी खोपीत आडवा झालो की दोन तासांनी पाट बदलू. जाग आली ती पाखरांच्या आवाजानं. सरीच्या टोकाचा बांध फुटलेला, पाणी खळाळत ओढ्याला चाललेलं, आणि त्या भगदाडाच्या वरच्या कोरड्या काठाला युरियाचे न विरघळलेले पांढरे दाणे मातीत चिकटून राहिलेले. ते दाणे बघून जे वाटलं ते वाटलं. त्यानंतर खत टाकल्यावरचं पहिलं पाणी मी रात्री देत नाही, दिवसाची पाळी येईपर्यंत दोन दिवस खत टाकायचं थांबतो. ऑटो स्टार्टर लावून झोपणाऱ्यांनी निदान टायमर तरी लावा.

विहिरीतच नायट्रेट असेल तर खत कमी करता येईल का?

येतं, आणि हे कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम नत्र. एकराला ५ सेंटिमीटर पाणी दिलं तर दोन लाख लिटर झालं, त्यात दोन किलो नत्र आलं. अशी वीस पाणी दिली तर चाळीस किलो, म्हणजे युरियाची दोन पोती पाण्यातनंच गेली. आपलंच खाली गेलेलं खत आपणच वीजबिल भरून वर काढतोय, तर मोजून तरी घ्या. एकदम दोन्ही पोती कमी करा असं नाही म्हणत, आधी एक करा आणि एका पट्ट्यात बघा.

ठिबकनं खरंच फरक पडतो?

पडतो, जर ठिबकमधनं खत सोडलं तर. नुसतं ठिबक बसवून युरिया हातानं फेकणारे पण आहेत, त्यांचं काय बोलणार. व्हेंचुरीतनं (पाण्याबरोबर खत ओढून घेणारं साधन) नाहीतर टाकीतनं आठवड्याला थोडं थोडं सोडलं की मुळापाशी एका वेळेला जास्त नायट्रेट साठतच नाही, मग वाहून जाणार काय? खतात पाव हिस्सा बचत सहज होते. पण तासन् तास चालू ठेवलं तर ठिबकखाली पण नायट्रेट खाली उतरतो. खत मधल्या वेळेत सोडा, शेवटी दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी, पुरे.

पाचट ठेवल्यानं काय होतं? जाळलं की रान कसं लख्ख होतं.

लख्ख होतं खरं, आणि वळवाच्या पहिल्या थेंबाला मोकळी माती उडायला लागते. तोडणीनंतर उसाचा वाळका पाला म्हणजे पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघतं. ते एकाआड एक सरीत दाबलं की पाण्याचा वेग मोडतो, माती धरली जाते, म्हणजे स्फुरद जागेवर. आणि पाचटात कर्ब (कार्बन) जास्त नत्र कमी असल्यानं कुजवणारे जिवाणू जमिनीतलं मोकळं नत्र स्वतःच्या अंगात धरून ठेवतात आणि मागनं हळूहळू सोडतात. म्हणूनच टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर घालायला सांगतात, नाहीतर सुरवातीला खोडवा पिवळा पडतो आणि माणसं पाचटाला शिव्या घालतात.

बांधावर गवत लावा म्हणतात, ते कशाला?

ओढ्याकडच्या बाजूला पाच-सात फूट घट्ट गवताचा पट्टा ठेवला, वाळा असेल, नेपियर असेल, तर वरनं येणारं गढूळ पाणी तिथं अडखळतं आणि गाळ टाकतं. नेपियर कापून जनावरांना घातला की त्यानं ओढलेलं खत पण परत गोठ्यात आलं. जागा वाया जाते म्हणून लोक नांगर पार ओढ्याच्या काठाला नेतात आणि दर पावसाळ्यात फूटभर काठ ढासळून रान कमी होतं, ते चालतं.

पण पाईपवाल्यांनी ऐका, तुमच्या पाईपचं पाणी गवताच्या खालनं निघून जातं, त्याला या पट्ट्याचा काही उपयोग नाही.

मग पाईपच्या पाण्याचं परदेशात काय करतात?

अमेरिकेत आयोवा राज्यात मका-सोयाबीनची रानंच्या रानं पाईपवर आहेत. त्यांचं नायट्रेट नद्यांतनं मिसिसिपीत आणि तिथनं मेक्सिकोच्या आखातात जातं, तिथं दर उन्हाळ्यात समुद्राच्या मोठ्या पट्ट्यातला ऑक्सिजन पार कमी होतो, २०१७ साली तो पट्टा २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. डे मॉईन शहराला तर पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट काढायला वेगळा प्लांट चालवावा लागतो, त्यांच्या पाणीपुरवठा संस्थेनं २०१५ मधे वरच्या तीन काउंटींतल्या निचरा विभागांवर केस केली होती, ती २०१७ मधे फेटाळली गेली. म्हणजे भांडणं तिकडं पण हीच.

उपाय म्हणाल तर पाईपच्या तोंडाशी लांब चर खणून त्यात लाकडाच्या ढलप्या भरतात आणि पाणी त्यातनं हळू जाऊ देतात. ढलप्यांत बुडालेल्या जागी हवा नसते, कर्ब भरपूर, मग जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, वर सांगितलं तेच तुंबलेल्या रानातलं काम, फक्त रानाबाहेर. चर नीट केला तर दहा वर्षं सहज चालतो. दुसरं म्हणजे पाईप थेट नदीत न सोडता काठाला समांतर एक सच्छिद्र पाईप टाकून गवताच्या मुळांत पाणी मुरवायचं. तिसरं, छोटी पाणथळ तळी, डेन्मार्कनं अशी बरीच केलीत.

आपल्याकडं ढलप्यांऐवजी उसाचं चिपाड (रस काढून उरलेला चोथा) भरू का असं एकानं विचारलं. चिपाड लवकर कुजून बसतं, आणि आपला पाऊस चार महिन्यांत एकदम येतो, तेव्हा चराला तेवढं पाणी झेपणार नाही. मला विचाराल तर चेंबरच्या पुढं दोन-तीन गुंठ्यांचा खड्डा करून त्यात पानकणीस आणि लव्हाळा वाढू देणं जास्त जमण्यासारखं आहे. खालचा शेतकरी तेच पाणी उचलत असेल तर त्याच्याशी आधी बोला, पहिल्या वर्षी त्यात क्षार पण असतात.

मी सेंद्रिय करतो, मला हे लागू नाही ना?

लागू आहे. पिकाला गरज नसताना जमिनीत तयार झालेला नायट्रेट वाहून जाणारच, तो शेणखतातनं आला का युरियातनं हे पाण्याला कळत नाही. कोंबडीखतात आणि कारखान्याच्या मळीत (प्रेसमडमधे) स्फुरद भरपूर असतं, दरवर्षी ट्रॉल्यांवर ट्रॉल्या टाकल्या तर साठत जातं. ताग किंवा धैंचा मात्र जरूर करा, पावसाळ्यात मोकळ्या रानातलं नायट्रेट तो धरून ठेवतो.

नीम कोटेड आणि नॅनो?

२०१५ पासून देशातला सगळा अनुदानित युरिया नीम कोटेडच आहे, त्यानं नायट्रेट व्हायचा वेग थोडा मंदावतो, पण म्हणून भरपावसात टाकायला परवानगी मिळाली असं नाही. नॅनो युरियाची २०२१ साली आलेली अर्ध्या लिटरची बाटली ४ टक्के नत्राची होती, म्हणजे बाटलीत वीस ग्रॅम. पोत्यात वीस किलो. फवारणीचे फायदे असतील ते असतील, पोत्याच्या जागी बाटली मला तरी पटलेली नाही.

आमचं कोकणात भात आहे, पाणी तर खाचरातनं वाहतच असतं!

तुमच्याकडं तर उत्तर कधीचं आहे. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध सात-दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे १६९ किलोच्या आसपास. खोल चिखलात हवा नसल्यानं नत्र अमोनियमच राहतं, वरच्या पाण्यात येतच नाही, मग खाचर भरून वाहिलं तरी खत जागेवर. वाकून वाकून कंबर मोडते ही तक्रार मात्र खरी.

घरच्या घरी कसं तपासायचं?

नायट्रेटच्या कागदी पट्ट्यांची डबी मिळते, मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात नाहीतर ऑनलाईन. पट्टी पाण्यात बुडवायची, डबीवर लिहिलंय तेवढं थांबायचं, रंग डबीवरच्या रंगाशी जुळवायचा. डबीवर आकडा नायट्रेटचा दिलाय की नायट्रेटमधल्या नत्राचा ते बघा, दोन्हींत साडेचार पटीचा फरक पडतो. मी पाईपच्या चेंबरमधे खत टाकायच्या आदल्या दिवशी एक पट्टी बुडवतो आणि पाणी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक. पहिल्या वर्षी आधीची फिक्कट गुलाबी आणि नंतरची जांभळी व्हायची, आता दोन्हींतला फरक उन्हात धरून बघावा लागतो. पट्ट्या वहीत चिकटवून तारीख घालून ठेवतो, पण रंग आठवड्यात उडतो, म्हणून शेजारी लगेच आकडा लिहायचा. आणि डबीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात दमट हवेनं माझी एक अख्खी डबी वाया गेली.